भारताचे निरनिराळे प्रदेश कधी आणि कसे पाहावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा दिवसांच्या रजेत संपूर्ण भारत पाहून होईल का?

नाही, आणि तसा प्रयत्न करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपला देश उत्तर-दक्षिण सुमारे ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २,९३३ किलोमीटर पसरलेला आहे. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस सुमारे ४,२०० किलोमीटर अंतर कापते आणि त्यासाठी तिला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. पंधरा दिवसांत दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी, दार्जिलिंग आणि केरळ असा बेत आखणाऱ्या कुटुंबाचा निम्म्याहून अधिक वेळ स्थानकांवर, विमानतळांवर आणि हॉटेलात सामान लावण्या-उचलण्यात जातो. घरी परतल्यावर छायाचित्रे पुष्कळ असतात, पण एखाद्या गावची सकाळ आठवत नाही.

एका प्रवासात एकच प्रदेश घ्यावा, त्यातही मुक्कामाची गावे तीन किंवा फार तर चार ठेवावीत, आणि प्रत्येक गावी किमान दोन रात्री राहावे. देश मोठा आहे ही अडचण न मानता पुढच्या वीस वर्षांच्या सुट्ट्यांची सोय मानली, तर निवड आपोआप सोपी होते.

प्रदेश कोणत्या क्रमाने निवडावेत?

क्रम आपण ठरवण्यापेक्षा ऋतूला ठरवू द्यावा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण १ जूनला केरळात पोहोचतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत येतो आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सारा देश व्यापतो. परतीची वाट मात्र उलटी असते. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाऊस सर्वांत आधी पश्चिम राजस्थानातून मागे फिरतो, आणि दक्षिणेकडे तो सरकेपर्यंत ऑक्टोबर उजाडलेला असतो. त्यानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे देशात कुठे ना कुठे प्रवासाला योग्य हवा बाराही महिने असते, आणि कुठे ना कुठे ती बाराही महिने प्रतिकूल असते. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे हे आधी लिहून काढावे आणि मगच नकाशा उघडावा.

दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण भारतात जावे का?

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे याच सुट्टीत केरळ आणि तमिळनाडूची तिकिटे काढतात, कारण आपल्याकडचा पाऊस थांबलेला असतो आणि सगळीकडेच तो थांबला असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून चेन्नई, चिदंबरम आणि तंजावरच्या पट्ट्यात वर्षातील सर्वाधिक पाऊस पडतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळही तोच असतो. कावेरीच्या खोऱ्यातील मंदिरे शांतपणे पाहायची असतील तर जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने राखून ठेवावेत.

दिवाळीत दक्षिणेकडेच जायचे असेल तर उत्तर कर्नाटक निवडावे. हा प्रदेश आपल्या इतक्या जवळ असूनही मराठी प्रवासी तो घाईने उरकतात, याचे मला वाईट वाटते. सोलापूरहून हुबळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विजयपूर आणि बदामी ही दोन्ही स्थानके लागतात, आणि पुढे गदगला गाडी बदलून होसपेटमार्गे हंपीला पोहोचता येते. विजयपूरला मोहम्मद आदिलशहाचा गोलघुमट आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा कोरीव लेख आहे, म्हणजे ते लेणे नेमके केव्हाचे हे त्याच्या भिंतीवरच वाचता येते. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्तीने रचलेली इ. स. ६३४ ची प्रशस्ती आहे आणि तिच्यात दुसरा पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे म्हटले आहे. आपल्या प्रदेशाच्या नावाचा इतका जुना उल्लेख दगडावर उभा आहे आणि तो सोलापूरपासून एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

ऐहोळेहून जवळच असलेल्या पट्टदकलला जाताना वेरूळ मनात ठेवून जावे. तेथील विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात बांधवून घेतले. तिचा पती दुसरा विक्रमादित्य याने पल्लवांची कांची जिंकली होती, आणि कांचीच्या कैलासनाथ मंदिराची छाप पट्टदकलच्या बांधणीवर दिसते. पट्टदकलची छाप पुढे राष्ट्रकूटांच्या काळात वेरूळच्या कैलास लेण्यावर पडली. कांची, पट्टदकल आणि वेरूळ ही तिन्ही ठिकाणे क्रमाने पाहिलेल्या माणसाला एक कल्पना शंभरेक वर्षांच्या आत राज्ये ओलांडून कशी आली हे प्रत्यक्ष दिसते. हंपीसाठी मात्र वेगळे दोन दिवस ठेवावेत, कारण तो एका दिवसात पायी फिरून होणारा परिसर नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत हिमालयात कुठे जावे?

आधी एक गैरसमज दूर करतो. श्रीनगरची ट्यूलिपची बाग मार्चच्या अखेरीस उघडते आणि तिचा बहर साधारण महिनाभरच टिकतो, त्यामुळे शाळांना सुट्टी लागल्यावर मेमध्ये गेलेल्यांना ती फुले दिसत नाहीत. मे महिन्यात काश्मीर सुंदरच असते, परंतु ते पहलगामच्या कुरणांसाठी आणि दल सरोवरासाठी.

गर्दीपासून दूर जायचे असेल तर शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीचा विचार करावा. या रस्त्याने उंची टप्प्याटप्प्याने वाढते, शरीराला सवय होते आणि वाटेत कल्पा येथून किन्नर कैलासाचे दर्शन होते. पुढे ताबोचा मठ लागतो. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या मातीच्या भिंती बाहेरून अगदी साध्या वाटतात, पण आत शिरून डोळे अंधाराला सरावले की भिंतींवरची चित्रे हळूहळू उमटू लागतात. मनालीहून कुंजुम खिंडीमार्गे येणारा रस्ता बर्फामुळे बहुधा जूनपर्यंत बंद असतो. २०२० साली सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा अडथळा दूर झाला असला, तरी कुंजुमचा झालेला नाही, हे मेमधील बेत आखताना विसरू नये.

केदारनाथला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मंदिर साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडते आणि भाऊबीजेला बंद होते, आणि यात्रेसाठी उत्तराखंड शासनाकडे आगाऊ नोंदणी करावी लागते.

लडाखमध्ये उंचीचा त्रास होतो म्हणतात, तो खरोखर किती होतो?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने गेलेला माणूस काही तासांत ही उंची गाठतो, आणि विरळ हवेत शरीराला प्राणवायू कमी पडू लागतो. आमच्या पहिल्या प्रवासात आम्ही उतरल्या दिवशीच शांतिस्तूप चढून गेलो. त्या रात्री डोके इतके ठणकत होते की अन्न समोर नको वाटत होते, आणि पुढचे दोन दिवस खोलीतच गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: लेहमध्ये पहिले दोन दिवस काहीही करू नये. सावकाश चालावे, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे आणि तिसऱ्या दिवसापूर्वी पँगाँग किंवा खार्दुंगला यांचे नावही काढू नये. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे आणि खार्दुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे.

रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगर, कारगिल, लेह हा मार्ग मनालीच्या मार्गापेक्षा शरीराला सोसतो, कारण त्यावर रात्रीचे मुक्काम तुलनेने कमी उंचीवर होतात. डोकेदुखी वाढत गेली, धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली तर उद्या बरे वाटेल म्हणून थांबू नये, त्याच वेळी खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. हृदयविकार, श्वसनाचे विकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ईशान्य भारतासाठी परवाना लागतो का, आणि तेथे सुरुवात कुठून करावी?

आसाम, मेघालय आणि त्रिपुरा येथे भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे इनर लाइन परमिट लागते, आणि ते आधीच ऑनलाइन काढून ठेवलेले बरे. सिक्कीममध्ये गंगटोकपर्यंत काही लागत नाही, परंतु नाथू ला, छांगू सरोवर आणि उत्तर सिक्कीमसाठी तेथे गेल्यावर परवाना घ्यावा लागतो. ओळखपत्राच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे जवळ ठेवावीत.

सुरुवात गुवाहाटीहून करावी आणि पहिल्या प्रवासात आसाम-मेघालयापलीकडे जाऊ नये. येथे सर्वांत आधी घड्याळाची सवय बदलावी लागते. साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ असल्याने डिसेंबरात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा द्वारकेत सूर्यास्ताला आणखी दीड तासाहून अधिक अवकाश असतो. आसामच्या चहामळ्यांनी यावर आपला तोडगा काढलेला आहे. तेथे पूर्वीपासून ‘बागान वेळ’ चालते, जी प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. आपणही मळेकऱ्यांप्रमाणे पहाटे पाचला उठून सहाला गाडीत बसावे, कारण नऊला न्याहारी करून दहाला निघणाऱ्याचा दिवस तेथे जेवणानंतर संपलेलाच असतो.

काझीरंगा पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ धरावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उंच गवत कमी झालेले असल्याने एकशिंगी गेंडे अधिक स्पष्ट दिसतात. तेथून पुढे जोरहाटच्या निमाती घाटावरून फेरीबोटीने माजुलीला जावे. ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील हे बेट दरवर्षी थोडे थोडे नदीत ढासळत आहे. शंकरदेव आणि माधवदेव यांच्या वैष्णव परंपरेची सत्रे म्हणजे मठ येथे आहेत, आणि सामगुरी सत्रात बांबू, माती व कापडाचे मुखवटे बनवताना पाहता येतात. संध्याकाळी नामघरात ‘खोल’ हे मृदंगासारखे वाद्य आणि टाळ यांच्या साथीवर चाललेले नामसंकीर्तन ऐकताना वारकरी घरातून आलेल्या माणसाला आपल्याच गावच्या देवळात बसल्यासारखे वाटते. भाषा कळत नाही, पण नाम घेण्याची रीत ओळखीची असते.

मेघालयात दावकीजवळची उमंगोट नदी काचेसारखी नितळ दिसते ती फक्त हिवाळ्यात. पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ असते, तेव्हा छायाचित्र पाहून जुलैत जाऊ नये. सोहरा म्हणजेच चेरापुंजीच्या परिसरातील जिवंत मुळांचे पूल मात्र केव्हाही पाहावेत. खासी लोक ओढ्याच्या काठी रबराच्या जातीचे झाड लावतात आणि त्याची हवाई मुळे वर्षानुवर्षे पलीकडच्या काठाकडे वळवत नेतात. पूल चालण्याजोगा होईपर्यंत अनेक दशके लोटतात, म्हणजे लावणारा आपल्या नातवंडांसाठी लावत असतो. नोंग्रियाटच्या दुमजली पुलापर्यंत तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या सगळ्या परत चढाव्याही लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी रिवाईचा सोपा पूल पाहावा. जमले तर खासी कुटुंबाच्या घरीच मुक्काम करावा. तेथे आडनाव आईकडून मिळते आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या घरच्या चुलीपाशी बसून ऐकण्याने अधिक उमजते.

पावसाळ्यात सह्याद्रीखेरीज कुठे जाता येते?

लडाख आणि स्पिती पर्जन्यछायेत असल्याने जुलै ते सप्टेंबर हा तेथील चांगला काळ आहे, मात्र तेथे पोहोचवणारे मनालीकडचे रस्ते दरडींमुळे बंद पडू शकतात, म्हणून एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत.

माझी स्वतःची निवड मांडू ही आहे. इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत असलेला हा गड उन्हाळ्यात रखरखीत असतो आणि श्रावणात ढगांत बुडतो. दोन तलावांच्या मधोमध बांधलेल्या जहाज महालाचे नाव सार्थ का आहे, हे ते तलाव भरल्याशिवाय समजत नाही. वाटेवर गोरखचिंचेची प्रचंड खोडांची झाडे दिसतात, त्यांची आंबट फळे विकायला असतात. तेथून खाली नर्मदेकाठी महेश्वरला उतरावे. अहिल्याबाई होळकरांनी जेथून राज्यकारभार केला तो वाडा साधा आहे, आणि त्याच्या पायथ्याचा घाट अप्रतिम आहे. नर्मदेच्याच काठी रावेरखेडी येथे थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. १७४० च्या एप्रिलमध्ये ते तेथेच निवर्तले. महेश्वरपर्यंत आलेल्या मराठी माणसाने तेथे जाऊन यावे असे मला मनापासून वाटते.

व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र मध्य प्रदेशात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते.

कच्छच्या पांढऱ्या रणासाठी पौर्णिमाच गाठावी लागते का?

पौर्णिमेच्या रात्री मिठाचा विस्तार चांदण्यात उजळतो हे खरे, परंतु त्याच रात्री रणाकाठच्या धोरडो गावी गर्दी आणि दरही शिगेला पोहोचतात. पौर्णिमेच्या आधीचे किंवा नंतरचे दोन दिवस निवडले तर चांदणे तेवढेच मिळते आणि शांतता अधिक मिळते. दिवाळीच्या सुमारास रणात अनेकदा पाणी असते, मीठ सुकून पांढरे पडण्यासाठी डिसेंबर उजाडावा लागतो.

कच्छ म्हणजे केवळ रण नव्हे. खावडाहून धोळावीराकडे जाणारा सरळ रस्ता दोन्ही बाजूंच्या रणामधून जातो, आणि शेवटी सिंधू संस्कृतीचे ते नगर लागते ज्याचा २०२१ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाऊस नाममात्र पडणाऱ्या त्या जागी साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडात कोरलेले पाण्याचे हौद पाहताना मराठवाड्यातील माझ्या गावची उन्हाळ्यातली विहीर मला आठवली. भुजजवळ भुजोडीला विणकरांचे आणि अजरखपूरला अजरख छपाईचे काम चालते. कारागिराकडून थेट खरेदी करावी आणि भावासाठी घासाघीस करू नये, कारण एका अजरखामागे धुण्याचे, रंगाचे आणि वाळवण्याचे अनेक दिवस असतात.

रेल्वेचे आरक्षण किती आधी करावे?

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. सुट्टीच्या काळातील गाड्यांसाठी त्याच दिवशी सकाळी आठला तिकीट काढावे. तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला उघडते, परंतु संपूर्ण कुटुंबाचा बेत तत्काळच्या भरवशावर ठेवू नये.

मेट्टुपाळयमहून उटीला जाणारी निलगिरीची गाडी ४६ किलोमीटरला सुमारे पाच तास घेते, आणि तेच तिचे सुख आहे. तिची तिकिटे लवकर संपतात.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

गुजरात, राजस्थान, तमिळनाडू आणि कर्नाटकात मुळीच नाही. ईशान्येत वरण, भात, उकडलेली भाजी आणि बटाटा बहुतेक ठिकाणी मिळतो, मात्र आदल्या रात्री सांगून ठेवावे लागते. कोरडा खाऊ बरोबर न्यावा, पण दहा दिवस ठेपले आणि शंकरपाळ्यांवर काढू नयेत. पुरीला गेल्यास जगन्नाथ मंदिराच्या आनंद बाजारात मातीच्या भांड्यांतला महाप्रसाद जमिनीवर बसून खावा.

महाराष्ट्राबाहेर मराठी इतिहासाच्या खुणा कुठे पाहायला मिळतात?

ठिकाणे इतकी आहेत की केवळ त्यांच्यासाठी आयुष्यभर प्रवास करता येईल. वाराणसीला काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात उभारले, आणि दशाश्वमेधाच्या आसपास नावेतून जाताना अहिल्याबाई, भोसले आणि शिंदे यांच्या नावांचे घाट एकामागून एक दिसतात. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव संत नामदेवांचे आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५ सालचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरले होते. अमृतसरला गेलेली माणसे अटारी-वाघा सीमेवर जातात आणि परततात. त्यांनी अर्धा दिवस काढून घुमानला जावे.

तंजावरला मात्र मुद्दाम जावे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे स्थापन केलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजे दुसरे यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर याच सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. बहुतेक प्रवासी शिखर पाहून मागे फिरतात आणि हा लेख पाहायचा राहतो. दुपारी मंदिर बंद असते, म्हणून सकाळी लवकर जावे, आधी गाभाऱ्याचे दर्शन घ्यावे, आणि मग प्राकारातून प्रदक्षिणा घालताना भिंतीपाशी थांबून, उजेड तिरपा असताना, अक्षरे लावून वाचावीत.